मालिश केली की मान वळते, सकाळी उठलं की परत जैसे थे

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीची, वय ४६. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिकोची पण कामं घेते. लग्नसराईत रात्री अकरा-बारा वाजेपर्यंत मशीनवर असते. दोन-अडीच महिने झाले, मान उजवीकडे वळतच नाही, स्कूटीवर मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. एक्स-रे काढला, त्यात सी ५-सी ६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये, झीज आणि मानेचा बाक कमी झालाय असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही. हाताला मुंग्या वगैरे नाहीत, बीपी-शुगर नाही. सासूबाई कोमट तेलाने मान चोळून देतात तेव्हा एकदम मोकळं वाटतं, मान वळते पण, आणि सकाळी परत आखडलेली. पार्लरमधली बाई म्हणते मी कटकन मोडून देते, एका झटक्यात सुटेल. तर रोज मालिश करून घेऊ का? मान मोडून घेऊ का? आणि आमचे मिस्टर ऑनलाइन मसाजर मागवतायत, तो घ्यावा का?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी ते मान मोडण्याचं. नका करून घेऊ. पार्लरमध्ये नाही, सलूनमध्ये नाही, कुणी कितीही सवयीचं असलं तरी नाही. कटकन आवाज येतो ना, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हा होतं तेच. थोडा वेळ मोकळं वाटतं हे खरं आहे, पण मान म्हणजे बोट नव्हे. मेंदूला मागच्या बाजूने रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छोट्या छोट्या भोकांतून वर चढतात, सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत, आणि अगदी वर कवटीजवळ वळसा घेऊन आत शिरतात. मान झटक्याने पिरगाळली तर तिथे धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की स्ट्रोक. असं क्वचित होतं, पण ज्याचं होतं तो बऱ्याचदा तरुण, धडधाकट माणूस असतो, बीपी-शुगर काही नसलेला, त्यामुळे "मला काही आजार नाही" हे इथे कामाला येत नाही. आणि पार्लरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून पडतात ना, त्यातनं झालेल्या स्ट्रोकच्या केसेस एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने १९९३ सालीच लिहून ठेवल्यात. तेव्हा हेअर वॉश घेताना मानेखाली जाड टॉवेलची घडी मागून घ्या, मान लटकती ठेवू नका, आणि "मान मोडू नका हां" हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाका, मागाहून सांगायला वेळ मिळत नाही.

आता मालिश. सासूबाई करतात ते चांगलंच आहे, बंद करू नका. पण ते टिकत का नाही हे समजलं की पुढचं सगळं सोपं होईल. आपल्याला वाटतं स्नायू आखडून आखूड झालाय, तेल लावून चोळला की लांब होतो. तसं होत नाही, पंधरा-वीस मिनिटांच्या चोळण्याने स्नायूची लांबी बदलत नाही. बदलते ती मज्जासंस्थेची सावधगिरी. दोन-अडीच महिने मान दुखतेय म्हटल्यावर मेंदू त्या बाजूला वळूच देत नाही, थोडं वळलं की लगेच स्नायू घट्ट धरतो आणि ताण जाणवायला लागतो. मायेच्या हाताचा दाब, ऊब, तुम्ही निवांत बसलेल्या, श्वास लांब चाललेला, या सगळ्याने तो पहारा थोडा सैल होतो आणि तीच मान, तोच स्नायू, काही अंश जास्त वळतो. पण नंतर तुम्ही काय करता? झोपता. किंवा परत मशीनवर बसता. त्या मोकळ्या झालेल्या मानेला वळायची सवय लागतच नाही, म्हणून सकाळी मेंदू परत जुन्याच जागी दार लावून घेतो.

म्हणजे मालिश रोज करावी की नाही यापेक्षा मालिशनंतरच्या तासाभरात तुम्ही मानेचं काय करता हे जास्त महत्त्वाचं आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी आता ते कसं करायचं ते सांगते.

आधी एक तपासणी घरीच करा, दोन मिनिटांची आहे. स्टुलावर ताठ बसा, हात मोकळे सोडा, मान सावकाश उजवीकडे वळवा आणि हनुवटी खांद्याच्या किती जवळ गेली ते बघा, नाहीतर भिंतीवरची एखादी वस्तू लक्षात ठेवा, कॅलेंडर, स्विचबोर्ड, काहीही, की इथपर्यंत दिसतंय. साधारणपणे माणसाची मान प्रत्येक बाजूला ७० ते ८० अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत यायला पाहिजे. आता मिस्टरांना मागे उभं करा, तुम्ही कोपरं वाकवा आणि त्यांना कोपरांखाली हात देऊन दोन्ही खांदे कानाच्या दिशेने इंचभर वर उचलून धरायला सांगा, हाताचं सगळं वजन त्यांच्यावर टाकून द्या, तुम्ही स्वतः खांदे उचलायचे नाहीत. आणि परत तशीच मान वळवा. आधी कॅलेंडरपर्यंत दिसत होतं आणि आता त्याच्या पुढचं कपाट दिसायला लागलं, तर तुमची मान बऱ्यापैकी खांद्यापासून मानेपर्यंत जाणाऱ्या स्नायूंनी धरलीय असं समजायला हरकत नाही. मानेच्या वरच्या मणक्यांपासून निघून खांद्याच्या पात्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याला चिकटणारा एक स्नायू आहे, आणि त्याच्यावरून पसरलेला मोठा ट्रॅपेझियस. हात लटकत असले की हे दोन्ही ताणलेले राहतात, हातांना खालून आधार मिळाला की सैल पडतात. फिजिओ हीच टेस्ट करून बघतात. ब्लाऊज शिवताना तुमचे दोन्ही हात दिवसभर अधांतरी कापड सरकवत असतात, त्यामुळे मला तरी वाटतं तुमच्यात फरक दिसेल. आणि दिसला तर तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आली, व्यायाम करताना हातांना आधार द्यायचा.

त्या एक्स-रेच्या रिपोर्टने उगाच धास्ती घेऊ नका. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर मानेत काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एक्स-रे काढले तरी त्यातल्या कित्येकांमध्ये सी ५-सी ६ ला झीज दिसते, तो सांधा सगळ्यात जास्त राबतो. आणि मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ अर्धा हिस्सा एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचा असतो, तो तर पार वर कवटीखाली. त्यामुळे वळत नाही याचं सगळं खापर सी ५-सी ६ वर फोडता येत नाही. मानेचा बाक कमी झालाय हे तर दुखत असताना मान धरून उभं राहून एक्स-रे काढला तरी दिसतं.

मालिश किती, याबद्दल थोडं खरं खरं बोलू. मानदुखी आणि मसाज यावर अभ्यास झालेत, पण २०१२ मध्ये त्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा ठामपणे सांगावं असं फारसं हाती लागलं नाही, मसाजनंतर लगेच दुखणं कमी होतं एवढं मात्र दिसलं. नंतर २०१४ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला २२८ जणांवर एक अभ्यास झाला, जुनाट मानदुखीवाले सगळे. कुणाला अर्ध्या अर्ध्या तासाचा मसाज, कुणाला एक एक तासाचा, आठवड्यातनं एकदा ते तीनदा असं चार आठवडे दिलं. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा तासाभराचा मसाज घेणाऱ्यांना चांगला फायदा झाला आणि अर्ध्या तासाच्या मसाजने काहीच न घेणाऱ्यांपेक्षा फार वेगळं काही झालं नाही. आणि त्यात मोजलं होतं ते दुखणं आणि रोजची कामं किती जमतात ते. आता आठवड्यातनं तीनदा तासभर शिकलेल्या माणसाकडून मसाज घेणं आपल्यातल्या किती जणींना परवडणार? म्हणून मी सांगते, अर्ध्या तासाच्या पार्लरच्या मसाजवर पैसे घालू नका, सासूबाईंचा हात आहे तोच वापरू आणि त्याला व्यायामाची जोड देऊ.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसा, टेबलावर उशी ठेवा, दोन्ही हात दुमडून उशीवर आणि कपाळ हातांवर टेकवा. पालथं झोपून मान एका बाजूला वळवून मालिश नको, ती तशीच अवघडते. आधी दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या, पिशवीला टॉवेल गुंडाळून. तेल कुठलंही चालेल, तिळाचं, खोबरेल, महानारायण घरात असेल तर ते. लोकांचं तेलावरून फार चालतं, पण काम हाताचं असतं, तेलाने हात सरकतो आणि कातडी ओढली जात नाही. कवटी जिथे संपते तिथल्या खळग्यापासून सुरुवात करायची, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली, मधल्या हाडावर दाब द्यायचा नाही. मग मान आणि खांदा जोडतो तो मांसल भाग चिमटीत धरून पीठ मळतात तसा सावकाश मळायचा. आणि मग पात्याचा आतला वरचा कोपरा शोधायचा, बोट फिरवलं की तुम्हीच म्हणाल "हां, इथेच इथेच". तिथे अंगठा टेकवून हळूहळू दाब वाढवायचा, वीस-तीस सेकंद तसाच धरायचा, दुखणं थोडं विरघळल्यासारखं झालं की सोडायचं. दाब किती? दुखतंय पण बरं वाटतंय इतपत. तुम्ही श्वास रोखून धरला किंवा खांदा वर ओढून घेतला म्हणजे जास्त झालं, मेंदू परत पहाऱ्यावर आला, सगळं मुसळ केरात. ती "गाठ" फोडायच्या मागे लागू नका, दुसऱ्या दिवशी काळंनिळं होण्याशिवाय काही मिळत नाही. मान उजवीकडे वळत नाही म्हणून फक्त उजवीच बाजू चोळू नका हं, उजवीकडे वळताना डावीकडचे पण काही स्नायू ताणले जातात, दोन्ही बाजू घ्या. गळ्याच्या पुढे आणि बाजूला जिथे नाडी लागते तिथे अजिबात चोळायचं नाही, मोठी रक्तवाहिनी आहे, तिथे दाब पडला तर चक्कर येऊ शकते. दहा-पंधरा मिनिटं बास.

आणि मग उठून भांडी घासायला जायचं नाही की झोपायचं नाही. तिथेच खुर्चीवर ताठ बसा, दोन्ही कोपरं टेबलावर उशांवर टेकवा म्हणजे हातांचं वजन मानेवर येणार नाही, आणि मान उजवीकडे वळवा, जिथे ताण लागतो तिथे दोन श्वास थांबा, परत मध्ये, मग डावीकडे. असं आठ-दहा वेळा, झटका नाही, गोल गोल फिरवणं नाही. मग उजवा तळहात उजव्या गालावर ठेवा, मान उजवीकडे वळवायचा प्रयत्न करा आणि हाताने अडवा, अर्ध्या ताकदीने, पाच सेकंद, मग सोडून जरा पुढे वळून बघा. पाच वेळा करा, डावीकडेही तेच. या अडवलेल्या व्यायामानंतर मान बऱ्याचदा थोडी अजून वळते आणि मुख्य म्हणजे त्या नव्या जागेत ताकद येते. शेवटी उताणं झोपून, पातळ उशी घेऊन, हनुवटी किंचित आत, हळूच "हो" म्हणतो तशी मान हलवायची, डोकं उचलायचं नाही, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. यात गळ्याच्या आतले खोलवरचे स्नायू काम करतात, मान पुढे काढून बसणाऱ्यांचे ते आळसावलेले असतात. मग भिंतीवरचं कॅलेंडर परत बघा, किती दिसतंय.

मालिश आठवड्यातनं तीन-चारदा पुरे, सासूबाईंच्या हातांचाही विचार करा. पण ते वळणं मात्र रोज, मालिश असो नसो, आणि दिवसातनं तीन-चार वेळा, दोन दोन मिनिटं. महिना-दीड महिना धरून ठेवा, आठ दिवसांत सुटली नाही म्हणून सोडू नका.

आता मशीनचं बोलते, कारण हे बदललं नाही तर वरचं सगळं पाण्यात. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं, मान सरळ असते तेव्हा ते मणक्यांवर तोललेलं असतं, पण खाली वाकलं की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं, आणि तुम्ही तर वाकलेल्या मानेने तासन् तास शिवता. त्यात मशीनपेक्षा वाईट म्हणजे हूक-काजं आणि हेमिंग, ते तुम्ही मांडीवर घेऊन करत असणार, मान पार छातीला टेकलेली. मांडीवर दोन जाड उशा ठेवा आणि काम त्यावर वर घ्या, नाहीतर टेबलाशी कोपरं टेकून करा. स्टुलाची उंची अशी ठेवा की शिवताना खांदे कानाकडे जाणार नाहीत. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मी विचारते, तुम्हाला चाळिशी लागलीय का? सुईत दोरा ओवताना सुई लांब धरावी लागते का? ४६ व्या वर्षी जवळचं धूसर दिसणं अगदी नॉर्मल आहे, आणि चष्मा नसेल किंवा नंबर बदलला असेल तर नीट दिसावं म्हणून बाई मान पुढे काढून काढून शिवते आणि दुखणं मानेचं समजते. डोळे तपासून घ्या, मशीनवर चांगला पांढरा दिवा लावा. कितीही ऑर्डरी असल्या तरी अर्ध्या तासाने एकदा उठा, बॉबिन भरायच्या निमित्ताने उठा, पण उठा.

मान सुटेपर्यंत स्कूटी शक्यतो मिस्टरांकडे द्या. चालवावीच लागली तर दोन्ही आरसे नीट लावून घ्या आणि उजवीकडे वळायचं तर आधी बाजूला थांबून, खांद्यासकट वळून बघून मगच वळा. सांगलीतल्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या मानेने मागे बघणं धोक्याचं आहे.

मध्येच हातात मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी आली, हातातून कात्री सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, ताप येऊन मान कडक झाली, किंवा पडल्या-झडल्या, तर मालिश तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि अचानक कधी न दुखल्यासारखी मान किंवा डोकं दुखायला लागलं, त्याबरोबर चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड, तोंड वाकडं, एका बाजूची शक्ती कमी, असलं काही झालं तर घरी बघत बसू नका, सरळ सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. यातलं काहीच नाही पण सहा आठवड्यांत कॅलेंडर काही पुढे सरकलं नाही, तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा, वरचा सांधा अडकलाय का ते हाताने तपासून कळतं. आणि स्वतःहून बाजारातनं कॉलर आणून लावू नका, न हलवल्याने मान अजून आखडते आणि स्नायू ढिले पडतात.

राहिला मिस्टरांचा मसाजर. मानेभोवती घालायचा, गोळे फिरतात आणि ऊब देतो तसला असेल तर दहा-पंधरा मिनिटं कमी स्पीडवर वापरायला हरकत नाही, फक्त तो लावून झोपी जाऊ नका आणि झाल्यावर वरचे व्यायाम करायचेच. सासूबाईंच्या पात्याच्या कोपऱ्यावरच्या अंगठ्याचं काम तो करणार नाही. बंदुकीसारखा ठोके देणारा असेल तर फक्त खांद्याच्या मांसल भागावर, मानेच्या पुढे, बाजूला, हाडावर कुठेही नाही, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पण मला विचाराल तर ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबवा, तेवढ्या पैशांत तुमचा चष्मा, मशीनवरचा दिवा आणि उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल यातलं निदान एक तरी येईल, आणि त्याची तुम्हाला जास्त गरज आहे.